विजयदुर्गच्या खाडीतील आग

मन्नाएखेळ्ळीच्या परिसरातील जुन्या मराठी घरांत इतिहासाची गोष्ट निघाली की घोड्यांच्या टापाच ऐकू येतात. उदगीर तर आपल्या उंबरठ्यावरचे. तेथे १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामास नमविले आणि पुढच्याच वर्षी पानिपत झाले. या दोन्ही लढाया आम्हांस पाठ आहेत. परंतु उदगीरच्या चार वर्षे आधी, १७५६ च्या फेब्रुवारीत, मराठ्यांचे सर्वांत बलाढ्य आरमार विजयदुर्गच्या खाडीत जळाले, याची आठवण आम्ही ठेवली नाही.

हे आरमार कोळी, भंडारी, गाबीत अशा दर्यावर्दी लोकांच्या बळावर उभे होते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी त्याची उभारणी आरंभिली. १६६४ मध्ये मालवणजवळ सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. १६६५ च्या फेब्रुवारीत महाराजांनी स्वतः जलमार्गे बसरूरवर स्वारी केली. हे बसरूर आज आपल्याच कर्नाटकात आहे! १६७९ साली खांदेरीच्या वेढ्यात इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्यावाचून खोळंबत आणि मराठ्यांच्या वल्ह्यांच्या होड्या रात्री त्यांना चकवून बेटावर रसद पोहोचवीत.

या लढण्याची रीतच निराळी होती. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचे, नाळेवर तोफा रोखलेले जहाज; गलबत त्याहून लहान, शिडांवर आणि वल्ह्यांवर चालणारे. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत, कारण तेथे त्याच्या तोफा थोड्या असत. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारास राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. आंबा-फणसाची झाडे जहाजांसाठी बळजबरीने तोडू नयेत, असेही त्यांनी बजावले आहे. शासनात आयुष्य घालविलेल्या आम्हांस हे कलम सर्वांत मोलाचे वाटते.

कान्होजी आंग्र्यांच्या काळी इंग्रज विजयदुर्गाहून हात हलवीत परतले. १७२१ साली पोर्तुगीजांना सोबत घेऊन ते कुलाब्यावर चालून आले, तेव्हाही तेच झाले. १७२९ मध्ये कान्होजी वारले आणि पुत्रांत भाऊबंदकी माजली. विजयदुर्ग धरून बसलेला तुळाजी पेशव्यांस जुमानीना, त्यांच्या मुलखासही उपद्रव देई. त्याचे वर्तन निर्दोष होते, असे आमचे म्हणणे नाही. पण थकबाकीदारावर जप्ती आणावी, त्याचे घर पेटवू नये, हे साध्या कारकुनासही समजते. नानासाहेब पेशव्यांनी मात्र इंग्रजांशी हातमिळवणी केली.

वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले, तेव्हा तुळाजी बोलणी करण्यास पेशव्यांच्या छावणीत गेला होता. इंग्रजांनी तोफा डागल्या. कंपनीकडूनच पूर्वी जिंकलेल्या एका जहाजाने पेट घेतला आणि शेजारी बांधलेली गुराबे एकामागून एक जळत गेली. टोल्किनच्या कल्पित जगातील टेलेरी या दर्यावर्दी लोकांची जहाजे त्यांच्याच आप्तांनी हिरावून पुढे जाळली, ही कथा आमची नातवंडे हळहळून वाचतात. आमच्या घरची जळिताची हकीकत त्यांना कोणी सांगितलेली नाही.

तुळाजीचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. इंग्रजांनी विजयदुर्ग तत्काळ सोडला नाही. ऑक्टोबर १७५६ मध्ये, बाणकोट पदरात पाडून घेतल्यावरच, तो पेशव्यांस दिला. तेथे पुढे आनंदराव धुळपांनी पेशव्यांचे आरमार सांभाळले आणि १७८३ मध्ये कंपनीचे ‘रेंजर’ जहाज लढून पकडले.