तळहाताएवढ्या समुद्राची कुळकथा

छोट्या जहाजाला खरं पाणी चालत नाही. बारकाईने घडवलेली वीतभर युद्धनौका परातीतल्या पाण्यात सोडली, की त्याच क्षणी तिचं खेळणं होतं. यात कारागिराचा दोष नसतो. जहाज हवं तेवढं लहान करता येतं. पाणी करता येत नाही. पृष्ठताणामुळे पाण्याचा थेंब त्याच्या ठरलेल्या आकाराचाच होतो. १:७०० या प्रमाणात तीन मिलिमीटरचा थेंब म्हणजे दोन मीटरचा गोळा. शिवाय सुमारे पावणेदोन सेंटिमीटरहून आखूड तरंगांवर गुरुत्वाकर्षणापेक्षा पृष्ठताणाची सत्ता जास्त चालते. म्हणजे खऱ्या समुद्रावर बारा मीटरपर्यंत लांबीच्या ज्या लाटा असतात, त्या परातीत उतरताना वेगळ्याच नियमाने वागू लागतात. म्हणून प्रतिकृती करणाऱ्याला जहाजासारखंच पाणीही हाताने घडवावं लागतं. या घडवलेल्या पाण्याचं कूळ बरंच जुनं आहे.

त्याचा मूळपुरुष नाटकाच्या रंगमंचावर सापडतो. इटलीतल्या निकोला सब्बातिनीने १६३८ साली रंगमंचावरच्या यंत्रांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात समुद्र दाखवायच्या युक्त्या आहेत: रंगवलेलं कापड दोऱ्यांनी हलवायचं, लाटांच्या आकारात कापलेल्या फळ्या वरखाली करायच्या, किंवा पीळ दिलेले आडवे लाकडी रूळ एकामागे एक मांडून फिरवायचे. स्वीडनमधल्या ड्रॉटनिंगहोमच्या १७६६ सालच्या नाट्यगृहात असं रुळांचं लाटायंत्र आजही आहे. या समुद्रात पारदर्शक असं काहीच नव्हतं. आकार, रंग आणि हालचाल एवढ्यावर प्रेक्षकाला समुद्र दिसत होता. पुढच्या सगळ्या कथेत ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

जहाजांच्या प्रतिकृती तेव्हाही होत्या, पण पाण्याविना. सतराव्या शतकात इंग्लंडच्या नौदलासाठी बनलेल्या प्रतिकृतींमध्ये जहाजाच्या खालच्या अंगावर फळ्याच बसवत नसत, आतल्या फासळ्या दिसाव्यात म्हणून. बांधणाऱ्याला आणि पैसे देणाऱ्याला पाण्याखालचा भाग पाहायचा होता. समुद्र मध्ये आला असता तर तोच झाकला गेला असता. युरोपातल्या चर्चमध्ये नवसाची जहाजं छताला टांगलेली असत, तीही अधांतरीच.

प्रतिकृतीखाली समुद्र आणला तो खलाशांनी. ज्याचं आयुष्य जलरेषेच्या वर, डेकवर आणि डोलकाठीवर गेलं, त्याला जहाज आठवतं ते लाटांतून चाललेलं. एकोणिसाव्या शतकात फुरसतीच्या वेळात खलाशी काचेच्या पेटीत किंवा बाटलीत जहाज बसवू लागले, आणि खालचा समुद्र केला तो लांबीचा, म्हणजे सुतार आणि रंगारी भेगा बुजवायला वापरतात त्या पुट्टीचा. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून केलेली ही लांबी जहाजावर हाताशीच असे. तिच्यात निळा रंग मिसळायचा, तारेने बाटलीच्या तोंडातून आत दाबायची, टोकाने लाटा उठवायच्या आणि माथ्यावर पांढऱ्या रंगाचे ठिपके द्यायचे. बाटलीतल्या ज्या जहाजांवर साल घातलेलं आहे, त्यांतलं सर्वांत जुनं म्हणून ओळखलं जाणारं जहाज मात्र याही आधीचं, १७८४चं असून ते जर्मनीतल्या ल्युबेक इथे आहे. पुढे विल्यम हार्बटने इंग्लंडमधल्या बाथ इथे १८९७ साली प्लॅस्टिसिन शोधलं, आणि न वाळणारी, रंगीत, आयती लांबीच हौशी लोकांच्या हाती आली.

विसाव्या शतकात या कलेला वळण दिलं ते जलरेषेपाशी कापलेल्या जहाजाने. १९३०च्या दशकात जर्मनीतल्या विकिंग कंपनीने १:१२५० प्रमाणातली अशी छोटी जहाजं विकायला आणली. १९७१ साली जपानमधल्या शिझुओका भागातल्या तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी एकत्र येऊन १:७०० प्रमाणातली ‘वॉटरलाइन’ मालिका काढली. कोणी कुठलं जहाज काढायचं ते आपसांत वाटून घेतलं. २६३ मीटर लांबीची यामातो युद्धनौका या प्रमाणात साडेसदतीस सेंटिमीटरची होते. तळ सपाट असलेलं जहाज टेबलावर ठेवलं, की खालची जागा समुद्र मागू लागते. हजारो घरांत एकाच वेळी हा प्रश्न उभा राहिला.

जपानी सिनेमाने याचं एक सुंदर उत्तर आधीच शोधलेलं होतं. गॉडझिलाचे चमत्कार पडद्यावर आणणारे एइजी त्सुबुराया आकाशातून दिसणाऱ्या समुद्रासाठी चायना ग्रासचा थर ओतत. आपल्या स्वयंपाकघरात ज्याची जेली होते तोच हा पदार्थ. उंचावरून पाहताना समुद्राची हालचाल जवळपास थांबलेली भासते, फक्त पोत आणि चमक उरते, हे त्यांच्या नजरेने टिपलं होतं. ओतलेल्या जेलीत नेमका तोच पोत आणि तीच चमक होती.

घरगुती कारागीर मात्र बराच काळ दुसऱ्या वाटेला गेले. १९४६ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने अराल्डाइट या नावाने इपॉक्सी बाजारात आणलं, आणि पुढे ओतायची पारदर्शक रेझिनं सगळीकडे मिळू लागली. पाणी म्हणजे पारदर्शक, असं मनात धरून लोकांनी निळ्या रंगवलेल्या तळावर रेझिन ओतलं. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन प्लॅस्टिकच्या जहाजालाच विरघळवू लागलं. इपॉक्सीचा थर जाड झाला तर घट्ट होताना तापतो, आणि पुढे उजेडाने पिवळा पडतो. शिवाय पृष्ठताण इथेही पाठ सोडत नाही: पातळ रेझिन जहाजाच्या कडेने वर चढतं, आणि एक मिलिमीटर चढलं तरी १:७०० मध्ये ती सत्तर सेंटिमीटरची चढण दिसते. बंदराच्या उथळ, निवांत पाण्यासाठी, ओढ्यासाठी, गोदीतल्या कोपऱ्यासाठी रेझिन उत्तम आहे. खुल्या समुद्रासाठी ते चुकीचं आहे.

त्याचं कारण साधं गणित सांगतं. टेबलावरच्या जहाजाकडे आपण अर्ध्या मीटरवरून पाहतो. १:७०० ने गुणलं तर ती नजर साडेतीनशे मीटर उंचीवरची होते. एवढ्या उंचीवरून खोल समुद्राचा तळ कोणालाही दिसत नाही. दिसतं ते आकाशाचं प्रतिबिंब, लाटांच्या उतारांवरची छटा आणि फेस. म्हणजे आपल्या डोळ्यांपुरता तो समुद्र अपारदर्शकच असतो. बाटलीत लांबी भरणारा खलाशी आणि कापड हलवणारा सब्बातिनी या बाबतीत रेझिन ओतणाऱ्यापेक्षा खऱ्याच्या जवळ होते.

आजची रूढ पद्धत त्यांच्याच शाखेची आहे. थर्मोकोलचा किंवा फळीचा तळ घ्यायचा. त्यावर चुरगळून पुन्हा पसरलेली ॲल्युमिनियमची फॉइल, जलरंगाचा खरबरीत कागद किंवा पांढऱ्या गोंदात भिजवलेला टिश्यू पेपर बसवायचा. हा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. जर्मनीत फ्रित्झ क्लाट्टे यांनी ते १९१२ साली शोधलं, आणि आपण त्याला १९५९पासून फेव्हिकॉल म्हणून ओळखतो. मग अपारदर्शक रंगाचे थर येतात. त्यावर ॲक्रिलिक जेल. अमेरिकेतल्या सिनसिनाटीत हेन्री लेव्हिसन यांच्या कंपनीने १९५५ साली पाण्यात मिसळणारे लिक्विटेक्स ॲक्रिलिक रंग आणले, आणि पुढे चित्रकारांसाठीच दाट जेल आलं. ओलं असताना ते दुधी असतं, वाळल्यावर काचेसारखं होतं, आणि मुख्य म्हणजे ब्रशने उठवलेला आकार सोडत नाही. नाळेपाशी उडणाऱ्या तुषारांसाठी कापसाचे चार तंतू पुरतात.

पण जेल कितीही चांगलं असलं, तरी लाट किती उंच करायची हे ते सांगत नाही. ते समुद्रशास्त्राकडून घ्यावं लागतं. बोफर्ट मापनात तिसऱ्या क्रमांकाच्या वाऱ्याला, म्हणजे ७ ते १० नॉटला, लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागतो. चौथ्या क्रमांकाची मीटरभर लाट १:७०० मध्ये जेमतेम दीड मिलिमीटरची. एक सेंटिमीटरची लाट केली, तर ती सात मीटरची, नवव्या क्रमांकाच्या वादळातली होते. बहुतेक देखावे इथेच फसतात: वादळातल्या लाटांवर जहाज मात्र सरळ, शांत उभं असतं.

जहाजामागच्या पाण्याचंही तसंच. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८८७ साली दाखवलं, की खोल पाण्यात चालत्या जहाजामागे पसरणाऱ्या लाटांचा पंखा दोन्ही बाजूंना सुमारे साडेएकोणीस अंशांचा असतो, जहाज लहान असो वा मोठं. हा कोन प्रतिकृतीतही तोच राहतो. बदलतं ते मागच्या आडव्या लाटांमधलं अंतर: २० नॉटला सुमारे ६८ मीटर, म्हणजे १:७०० मध्ये जवळपास दहा सेंटिमीटर, ३० नॉटला बावीस सेंटिमीटर. जाणकाराला हे अंतर पाहून जहाजाचा वेग कळतो.

म्हणून हा छंद ज्यांना करायचा आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे. रेझिनची किंवा जेलची महागडी बाटली आणण्याआधी गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचच्या वरच्या मजल्यावर मागे तोंड करून उभे राहा. रत्नागिरीला गेलात तर रत्नदुर्गाच्या तटावरून खाली चाललेल्या होड्या पाहा. मग वाऱ्याचा जोर, जहाजाचा वेग आणि पाहणाऱ्याची उंची या तीन गोष्टी कागदावर लिहा, आणि त्यानंतरच साहित्य निवडा.