बुडापेस्ट मेमोरँडम : युक्रेनने अण्वस्त्रे दिली, बदल्यात काय मिळाले?

४ जून १९९६ रोजी युक्रेनमधील पेर्व्होमाइस्क येथे अमेरिका, रशिया आणि युक्रेन या तीन देशांचे संरक्षणमंत्री एकत्र आले आणि त्यांनी सूर्यफुले लावली. ज्या जमिनीत ती लावली, तिच्या पोटात काही काळापूर्वीपर्यंत अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्र उभे होते. तीनच दिवस आधी, १ जूनला, युक्रेनच्या भूमीवरचे शेवटचे अण्वस्त्र रशियाकडे रवाना झाले होते. सूर्यफुले लावणाऱ्या तिघांपैकी एकाच्या देशाने पुढे १८ वर्षांनी क्रिमिया घेतला आणि २६ वर्षांनी कीव्हच्या दिशेने रणगाडे पाठवले.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला कागद म्हणजे बुडापेस्ट मेमोरँडम. ५ डिसेंबर १९९४ रोजी हंगेरीच्या राजधानीत त्यावर युक्रेनचे अध्यक्ष लिओनिद कुचमा, रशियाचे अध्यक्ष बोरिस येल्त्सिन, अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन आणि ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर यांनी सह्या केल्या. बेलारूस आणि कझाकस्तान यांच्यासाठीही असेच दोन मेमोरँडम झाले. रशिया-युक्रेन युद्धाची चर्चा निघाली की ‘अण्वस्त्रे दिली नसती तर ही वेळ आली नसती’ हे वाक्य हमखास येते. ते कितपत खरे, हे समजण्यासाठी आधी युक्रेनकडे नेमके काय होते ते पाहावे लागते.

अण्वस्त्रे कुणाची?

१९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघ विसर्जित झाला तेव्हा त्याचा शस्त्रसाठा चार नव्या देशांत विखुरलेला होता. युक्रेनच्या वाट्याला आंतरखंडीय पल्ल्याची १७६ क्षेपणास्त्रे, चाळीसहून अधिक अवजड बॉम्बफेकी विमाने आणि त्यांच्यासाठीची सुमारे १,९०० अण्वस्त्रे आली. रशिया आणि अमेरिकेनंतरचा हा जगातला तिसरा मोठा साठा. कमी पल्ल्याची हजारो छोटी अण्वस्त्रे वेगळीच होती. ती मे १९९२ पर्यंतच रशियाला परत गेली.

पण साठा जमिनीवर असणे आणि तो वापरता येणे यांत फरक आहे. क्षेपणास्त्रे डागण्याचे संकेत मॉस्कोकडे होते. अण्वस्त्रे बनवणारे कारखाने रशियात होते आणि अण्वस्त्राला ठरावीक काळाने देखभाल लागते. दुसरीकडे युक्रेन काही अगदीच हात बांधलेला देश नव्हता. द्नीप्रोपेत्रोव्स्क शहरातला ‘युझमाश’ हा सोव्हिएत संघातला क्षेपणास्त्रांचा मोठा कारखाना युक्रेनच्या हद्दीत होता आणि सही करणारे कुचमा हे राजकारणात येण्याआधी त्याच कारखान्याचे प्रमुख होते. आपण काय सोडतो आहोत, हे त्या टेबलावर त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसेल. वेळ आणि पैसा असता तर युक्रेनच्या तंत्रज्ञांनी नियंत्रण मिळवले असते, असे मानणारे अभ्यासक आहेत. अडचण अशी की, त्या दोन्ही गोष्टी नव्हत्या. १९९३ मध्ये युक्रेनची महागाई दहा हजार टक्क्यांच्या वर गेली होती. इंधनासाठी देश रशियावर अवलंबून होता. अण्वस्त्रे ठेवली तर पाश्चात्त्य मदतीची दारे बंद होतील, हे वॉशिंग्टनने पुरेसे स्पष्ट केले होते. शिवाय चेर्नोबिलच्या आठवणी ताज्या होत्या. स्वातंत्र्याच्याही आधी, जुलै १९९० च्या सार्वभौमत्वाच्या घोषणेतच युक्रेनने अण्वस्त्रमुक्त राहण्याचा संकल्प केला होता.

म्हणजे प्रश्न ‘द्यायची की नाही’ यापेक्षा ‘कशाच्या बदल्यात द्यायची’ हा होता. जानेवारी १९९४ मध्ये मॉस्कोत झालेल्या त्रिपक्षीय समझोत्यात पहिला हिशेब ठरला : दहा महिन्यांत युक्रेन किमान २०० अण्वस्त्रे पाठवणार आणि त्यांच्या बदल्यात रशिया युक्रेनच्या अणुवीज केंद्रांसाठी १०० टन समृद्ध युरेनियमचे इंधन देणार. अमेरिकेने क्षेपणास्त्रे मोडीत काढण्याचा खर्च उचलला. हा व्यवहार पाळला गेला. उरली ती सुरक्षेची बाजू.

एका शब्दाचा घोळ

युक्रेनला ‘गॅरंटी’ हवी होती. अमेरिका ‘अ‍ॅश्युरन्स’ देऊ करत होती. मराठीत हा फरक सांगायचा तर, हमी देणारा माणूस जामीन राहतो. कर्ज बुडाले तर त्याला स्वतःच्या खिशातून भरावे लागते. आश्वासन देणारा फक्त ‘काळजी करू नका’ म्हणतो. अमेरिकेने नाटोतल्या मित्रांना हमी दिली आहे, म्हणजे हल्ला झाला तर लष्करी मदतीची जबाबदारी घेतली आहे. युक्रेनसाठी तेवढे बंधन घ्यायला ती तयार नव्हती. म्हणून इंग्रजी मसुद्यात मुद्दाम आश्वासनाचा शब्द राहिला. गंमत म्हणजे युक्रेनियन आणि रशियन प्रतींत मात्र ‘गॅरंटी’ हाच शब्द आला. युक्रेनची जनता पुढची वीस वर्षे आपल्याला हमी मिळाली आहे असे समजत राहिली, यात तिचा दोष कमीच.

मजकूर अवघा सहा कलमांचा. युक्रेनचे स्वातंत्र्य, सार्वभौमत्व आणि आहे त्या सीमा मान्य करणे. तिच्याविरुद्ध बळाचा वापर किंवा धमकी न देणे. आर्थिक दबाव न आणणे. अण्वस्त्रे न वापरणे. हे चार शब्द कुणी मोडले तर काय? इथे कागद विरळ होतो. चौथे कलम म्हणते की, अण्वस्त्रांचा वापर होणारे आक्रमण किंवा तशी धमकी असेल तर सही करणारे देश संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे धाव घेतील. साध्या रणगाड्यांनी झालेल्या आक्रमणासाठी उरते ते सहावे कलम : या बांधिलकीबद्दल प्रश्न उभा राहिला तर सर्वांनी आपसांत सल्लामसलत करावी. बस. मेमोरँडम अमेरिकी सिनेटच्या मंजुरीलाही गेला नाही. २०१३ मध्ये बेलारूसने पाश्चात्त्य निर्बंधांविरुद्ध आपल्या मेमोरँडमचा आधार घेतला, तेव्हा अमेरिकेच्या मिन्स्कमधील दूतावासाने तो कायद्याने बंधनकारक नसल्याचे जाहीरपणे सांगून टाकले. क्रिमियाच्या घटनेला तेव्हा वर्षही राहिले नव्हते.

२०१४ आणि २०२२

२७ फेब्रुवारी २०१४ रोजी बिनचिन्हांच्या गणवेशातल्या सैनिकांनी क्रिमियाच्या संसदेचा ताबा घेतला. युक्रेनने मेमोरँडमनुसार सल्लामसलतीची मागणी केली. ५ मार्चला पॅरिसमध्ये बैठक झाली. अमेरिका, ब्रिटन आणि युक्रेनचे परराष्ट्रमंत्री आले. रशियाचे सर्गेई लावरोव्ह त्या दिवशी पॅरिसमध्येच होते, पण या बैठकीला गेले नाहीत. १८ मार्चला क्रिमियाच्या विलीनीकरणावर सह्या झाल्या.

रशियाने आपल्या बाजूने जे युक्तिवाद केले, ते नोंदवण्यासारखे आहेत. कीव्हमध्ये क्रांती झाली असेल तर तिथे नवे राज्य जन्मले, आणि त्या राज्याशी आम्ही कोणताही करार केलेला नाही, असे पुतिन म्हणाले. लावरोव्ह यांनी पुढे सांगितले की, मेमोरँडममध्ये रशियाचे बंधन एकच होते, अण्वस्त्रे न वापरण्याचे. पहिला युक्तिवाद मान्य केला तर सरकार बदलले की सीमाही बदलता येतील. दुसऱ्याचे उत्तर पहिल्या दोन कलमांतच आहे. ती वाचल्यावर हा दावा टिकत नाही. शिवाय १९९७ च्या मैत्री करारातही रशियाने युक्रेनच्या सीमा स्वतंत्रपणे मान्य केल्या होत्या.

१९ फेब्रुवारी २०२२ रोजी म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत वोलोदिमिर झेलेन्स्की यांनी सांगितले की, युक्रेनने २०१४ पासून तीनदा ही सल्लामसलत मागितली, आता चौथ्यांदा मागतो आहे. पाच दिवसांनी आक्रमण झाले. २५ फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेत निषेधाचा ठराव आला. ११ सदस्य बाजूने, भारत, चीन व संयुक्त अरब अमिराती तटस्थ, आणि रशियाचा नकाराधिकार. त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपदही पाळीने रशियाकडेच होते. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कुणाकडे मागायची, याची तजवीज १९९४ मध्ये कुणी केली नव्हती.

मग अण्वस्त्रे ठेवायला हवी होती?

अमेरिकी अभ्यासक जॉन मिअरशायमर यांनी १९९३ मध्येच तसे लिहिले होते. युक्रेनकडे अण्वस्त्रे राहिली तरच रशिया पुन्हा चालून येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. क्लिंटन यांनीही २०२३ मधील एका मुलाखतीत युक्रेनला अण्वस्त्रे सोडायला लावल्याबद्दल खंत व्यक्त केली. तरीही १९९४ च्या कंगाल, एकाकी पडू शकणाऱ्या युक्रेनला तो साठा सांभाळणे झेपले असते असे म्हणणे धाडसाचे आहे. खरी चूक शस्त्रे देण्यात कमी आणि त्यांची किंमत कच्च्या कागदावर घेण्यात जास्त दिसते. ज्याच्यापासून धोका, तोच आश्वासन देणारा. आणि उरलेल्यांनी काय करायचे ते लिहिलेलेच नाही.

साध्या शस्त्रांचीही गोष्ट फार वेगळी नाही. १९९९ मध्ये युक्रेनने गॅसची थकबाकी फेडण्यासाठी आठ टीयू-१६०, तीन टीयू-९५ विमाने आणि पाचशेहून अधिक क्रूझ क्षेपणास्त्रे रशियाला देऊन टाकली. २०२२ च्या हिवाळ्यात रशियाने युक्रेनवर डागलेल्या क्षेपणास्त्रांच्या अवशेषांत त्याच जातीची, केएच-५५, क्षेपणास्त्रे सापडली. त्यांतले अण्वस्त्र काढलेले होते. युक्रेनची हवाई संरक्षण यंत्रणा पोकळ क्षेपणास्त्रांमागे धावत राहावी, एवढाच त्यांचा उपयोग होता.

वाटाघाटीत आजही तोच मुद्दा

मार्च-एप्रिल २०२२ मध्ये इस्तंबूलच्या वाटाघाटींत तटस्थतेच्या बदल्यात सुरक्षेची हमी, असा मसुदा तयार होत होता. युक्रेनने या वेळी शब्द नीट निवडले : हल्ला झाला तर हमीदार देशांनी मदतीला यायचे. हमीदारांच्या यादीत रशियाही होता. रशियाने त्यात दुरुस्ती सुचवली की, मदतीचा निर्णय सर्व हमीदारांच्या संमतीनेच व्हावा. म्हणजे रशियाने हल्ला केला तर युक्रेनच्या मदतीला जायचे की नाही, हे रशियालाही विचारावे लागणार. बोलणी पुढे सरकली नाहीत. त्याची कारणे अनेक, पण हे कलम त्यांतले लहान नव्हते.

डिसेंबर २०२४ मध्ये मेमोरँडमला तीस वर्षे झाली, तेव्हा युक्रेनचे परराष्ट्रमंत्री त्याची प्रत घेऊनच नाटोच्या ब्रुसेल्समधील बैठकीला गेले. पुढच्या वर्षी शस्त्रसंधीची बोलणी नव्याने सुरू झाली, तेव्हा भूभागाइतकाच वाद याच प्रश्नावर झाला : हमी कोण देणार, आणि ती मोडली तर कुणाचे सैनिक, किती दिवसांत येणार.