मनोरे, डफ आणि लाल बावटा : कर्जतच्या बाजूने

गिरणगावाच्या साहित्याची चर्चा करताना आपण भोंगा, चाळ, खानावळ आणि संप यांच्यापाशी थांबतो. गिरणी चालत कशावर होती, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर खालापूर आणि कर्जत या दोन तालुक्यांत आहे. लोणावळ्याच्या बाजूला अडवलेले पाणी घाटाच्या कड्यावरून पाचशे मीटरांहून अधिक खाली सोडायचे, त्यावर वीज निर्माण करायची आणि ती तारांवरून मुंबईला न्यायची, ही टाटांची योजना १९१५ साली खोपोलीला प्रत्यक्षात आली. १९२२ मध्ये आंध्रा नदीच्या पाण्यावर कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. या विजेचे पहिले मोठे गिऱ्हाईक म्हणजे मुंबईतील कापडगिरण्या. म्हणजे परळ-लालबागमधील माग ज्या शक्तीवर फिरत होते ती कर्जत-खालापूरच्या डोंगरातून येत होती, आणि मागावर उभा राहणारा माणूस कोकणातून व घाटावरून येत होता. विजेचा आणि माणसांचा हा ओघ एकत्र ठेवून पाहिला, तर डाव्या कामगार चळवळीच्या आणि तिच्या शाहिरीच्या इतिहासातील एक अवघड सांधा दिसू लागतो. लाल बावटा कलापथकाची कारकीर्द आणि श्रीपाद अमृत डांगे यांचे राजकीय आयुष्य यांविषयी लिहिताना तो सांधा बहुधा झाकला जातो.

या मुलखात श्रमिकांचा असंतोष मात्र विजेच्याही आधीचा आहे. बोरघाटातील लोहमार्गाचे काम चालू असताना, १८५९ च्या जानेवारीत, थकलेल्या मजुरीवरून तेथील मजुरांनी दंगा केला. संघटना, नेता, झेंडा, गाणे यांपैकी काहीही त्यामागे नव्हते, आणि इतिहासात त्याची नोंद राहिली ती मुख्यतः कंत्राटदार आणि अधिकारी यांच्या कागदपत्रांतून. कामगारांच्या वतीने बोलणारा आवाज उभा राहायला पुढे सुमारे सत्तर वर्षे जावी लागली.

तो आवाज १९२८ मध्ये उभा राहिला. एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने चाललेला, सुमारे दीड लाख कामगारांचा गिरणी संप आणि त्याच वर्षी स्थापन झालेली गिरणी कामगार युनियन यांनी मुंबईच्या कामगार राजकारणाचे रूप पालटून टाकले. वर्षअखेरीपर्यंत युनियनची सदस्यसंख्या पन्नास हजारांच्या पुढे गेली होती. डांगे तेव्हा तिशीच्या आत होते. १९२१ मध्ये ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही पुस्तिका, पुढच्या वर्षी ‘सोशालिस्ट’ हे साप्ताहिक, १९२४ मध्ये कानपूर कटाचा खटला आणि कारावास, असा प्रवास त्यांनी तोवर केला होता. १९२९ च्या मार्चमध्ये मीरत कटाच्या खटल्यात त्यांना पकडले गेले आणि पुन्हा बाहेर येईपर्यंत १९३५ उजाडले. तुरुंग आणि संप यांची ही आलटापालट पुढेही चालू राहिली. १९४० च्या महागाईभत्त्याच्या संपात ते पुन्हा आत गेले, ते १९४३ मध्ये सुटले. या तपशिलाचे महत्त्व असे की १९४२ चा ऑगस्ट उजाडला तेव्हा डांगे तुरुंगात होते.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये कम्युनिस्ट पक्षाची भूमिका लोकयुद्धाची होती. सोव्हिएत रशियावर हिटलरने हल्ला केल्यानंतर हे युद्ध साम्राज्यशाहीचे न राहता जनतेचे झाले, म्हणून उत्पादन थांबवू नये, घातपात करू नये, असा तिचा अर्थ. पक्षावरील बंदी त्याच वर्षी जुलैमध्ये उठली होती. ज्या युनियनने गिरण्या बंद पाडण्याचे शास्त्र कामगारांना शिकवले, तिच्याच मागे उभा असलेला पक्ष आता गिरण्या चालू राहाव्यात असे म्हणत होता.

नेमक्या त्याच महिन्यांत कर्जत-मुरबाडच्या डोंगरात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हा तिशीचा वकील गिरण्यांची वीज तोडत होता. माथेरानच्या नाभिक कुटुंबात १९१२ मध्ये जन्मलेले भाई कोतवाल माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले होते. पण त्यांचे खरे काम माथेरानच्या पायथ्याच्या वाड्या-पाड्यांत होते. सावकाराच्या दाराशी जावे लागू नये म्हणून शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी आणि आदिवासी व कुळांच्या मुलांसाठी शाळा त्यांनी उभ्या केल्या. या कामाला कोणत्या वादाचे नाव द्यावे यावर मतभेद होतील. कर्ज आणि धान्य यांची गाठ ओळखणारे हे काम मला तरी डावेच वाटते. बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला आणि या दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. हिशेब सरळ होता. मनोरा पडला की वीज थांबते, आणि वीज थांबली की गिरण्या, कारखाने व युद्धसामग्रीचे उत्पादन थांबते. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडावर पोलिसांनी दस्त्याला गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी गोमाजी पाटील तेथे मारले गेले.

त्यानंतर बरोबर एक महिन्याने, २ फेब्रुवारी १९४३ रोजी, स्टालिनग्राडमध्ये जर्मन सैन्याच्या शेवटच्या तुकड्यांनी शरणागती पत्करली. अण्णाभाऊ साठे यांचा ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ याच लढाईवरचा, आणि त्यानेच त्यांचे नाव कामगार वस्त्यांत सर्वतोमुखी केले. तारखांच्या जवळिकीवरून कोणाला दोषी ठरवणे सोपे आहे. तसे करू नये. फॅसिझमविरुद्धचे ते युद्ध खरे होते, आणि वाटेगावचा एक मातंग तरुण मुंबईत राहून व्होल्गाकाठच्या लढाईला पोवाड्यात बसवतो, ही मराठी शाहिरीच्या इतिहासातील विलक्षण घटना आहे. परंतु मुंबईहून व्होल्गा दिसत होती आणि सिद्धगड दिसत नव्हता, हेही तितकेच खरे. ही दृष्टी शाहिराची एकट्याची नव्हती, ती पक्षाच्या भूमिकेतून आली होती.

लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये उभे राहिले ते या पार्श्वभूमीवर. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर हे त्याचे तीन आधारस्तंभ. अमर शेख बार्शीचे, तेथील गिरणी कामगारांच्या चळवळीतून आलेले, आणि त्यांचा पहाडी आवाज ध्वनिवर्धकाशिवाय मैदान व्यापी. अण्णाभाऊंकडे रचना आणि नाट्य होते. गव्हाणकर स्वतः शाहीर असून संच बांधून ठेवण्याची जाणही त्यांच्यापाशी होती. डफ, ढोलकी, तुणतुणे, झांज एवढ्या सामग्रीवर हे पथक गिरणीच्या फाटकापासून किसान सभेच्या परिषदांपर्यंत फिरले. ‘बंगालची हाक’ने दुष्काळ गावोगाव पोचवला, ‘अमळनेरचे अमर हुतात्मे’ने गिरणी कामगारांवरील गोळीबार. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ या वगांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतील माणसे बदलली. गणात गणपतीच्या जागी श्रमिक, हुतात्मे, मातृभूमी आली, गवळण गळाली, राजाच्या जागी शेठ आला. तमाशाला ‘लोकनाट्य’ हे प्रतिष्ठित नाव मिळण्यात या पथकाचा वाटा मोठा आहे. अर्थात गवळण गाळल्याने फडावरची नाचणारी-गाणारी स्त्रीही गळाली, आणि तिच्या पोटाचे काय झाले हा प्रश्न लोकनाट्याच्या गौरवात क्वचितच येतो.

कलापथकाला एवढे महत्त्व का आले? शाहिरांची प्रतिभा हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. माझ्या मते दुसरे कारण कायद्यात आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच ‘प्रातिनिधिक’ संघटनेला मालकाशी बोलणी करण्याचा अधिकार दिला, आणि मुंबईच्या कापडधंद्यात हा मान काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. लाल बावट्याच्या युनियनजवळ रस्ता होता, फाटक होते, मैदान होते. मालकासमोरची खुर्ची मात्र नव्हती. ज्या संघटनेला करारावर सही करता येत नाही तिला आपले अस्तित्व रोज आवाजाने सिद्ध करावे लागते. ते काम डांग्यांच्या भाषणांनी आणि शाहिरांच्या डफाने मिळून केले. स्वातंत्र्यानंतर सरकारने कलापथकाच्या प्रयोगांवर बंदी घातली, ती त्याचे हे कार्य ओळखूनच.

बेचाळीसचे देणे फिटले ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, असे म्हणता येईल. १९५५ च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, पुढच्या फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, आणि डांगे, एस. एम. जोशी, आचार्य अत्रे एका व्यासपीठावर आले. जोशी बेचाळीसच्या भूमिगत चळवळीतले, डांगे लोकयुद्धवाल्या पक्षाचे. चौदा वर्षांपूर्वी हे एकत्र येणे अशक्य होते. १९५७ मध्ये डांगे मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड याच काळातली. पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाचा गावी राहिलेल्या बायकोपासूनचा विरह आणि महाराष्ट्रापासून तुटलेला सीमाभाग यांची तिच्यातील सांगड मराठी राजकीय कवितेत अजोड आहे. पक्षाची भूमिका आणि श्रोत्याच्या मनातले दुःख इथे प्रथमच पूर्णपणे एकजीव झाले. स्टालिनग्राड शाहिराने श्रोत्याला समजावून सांगितले होते. मैनेचा विरह श्रोत्याला समजावून सांगावा लागला नाही.

पथक म्हणून मात्र ते तोवर एकसंध उरले नव्हते. अमर शेखांनी स्वतःचे कलापथक काढले होते, अण्णाभाऊ कथा-कादंबरीकडे वळले होते. ‘फकिरा’ १९५९ ची. १९६० मध्ये राज्य मिळाले आणि समितीचे प्रयोजन संपले. १९६२ मध्ये चीनचे युद्ध आणि १९६४ मध्ये पक्षाची फूट, असे दोन घाव पाठोपाठ बसले. १९६९ च्या १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख. त्या घराचे पुढे काय झाले, आणि चळवळीच्या गाण्यामागे घरातील माणसांनी काय सोसले, हे ज्यांना जाणून घ्यायचे असेल त्यांनी मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ वाचावे.

डांगे त्यानंतर बावीस वर्षे जगले. आणीबाणीला त्यांनी पाठिंबा दिला, १९८१ मध्ये ज्या पक्षाच्या उभारणीत आयुष्य घातले त्यातूनच त्यांना काढण्यात आले, आणि १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला तेव्हा १९२८ चा हा सेनापती बाजूला होता. २२ मे १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. उत्तरायुष्यातील या निर्णयांमुळे त्यांचे चरित्र डाव्या वाचकालाही अडचणीचे वाटते, म्हणून शाहिरांचा गौरव करताना त्यांचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. हे सोयीचे आहे, न्याय्य नाही. ‘लोकशाहीर’ हा शब्द आपण अशा रीतीने वापरतो की जणू हे गाणे मातीतून आपोआप उगवले. ते युनियनच्या वर्गणीवर, पक्षाच्या ‘लोकयुद्ध’ साप्ताहिकाच्या बातमीदारीवर, शिबिरांवर आणि शिस्तीवर वाढले. ज्या शिस्तीने सिद्धगड दिसू दिला नाही तिनेच अण्णाभाऊंना लेखणीही दिली.

कर्जत तालुक्याशी या परंपरेचा आणखी एक धागा जुळतो. गिरणीत, शाळेत शिपाई म्हणून आणि मग शिक्षक म्हणून काम केलेले, कम्युनिस्ट पक्षाचे व युनियनचे कार्यकर्ते असलेले नारायण सुर्वे अखेरच्या काळात नेरळला राहायला आले. त्यांचे ‘डोंगरी शेत माझं गं’ हे गीत कलापथकांनी महाराष्ट्रभर नेले होते. परळच्या माणसाने लिहिलेल्या त्या डोंगरी शेतासारखीच शेते माथेरानच्या उतारांवर आहेत. ठाकूर आणि कातकरी यांची नाचणी-वरईची ती जमीन, सरकारी दप्तरात ‘दळी’ म्हणून नोंदलेली. सुर्वे १६ ऑगस्ट २०१० रोजी ठाण्यात वारले, तेव्हा बहुतेक गिरण्यांचे भोंगे थांबून गेले होते. भिवपुरी आणि खोपोलीची केंद्रे मात्र आजही मुंबईला वीज देतात. भाई कोतवालांचे नाव दादरला प्लाझा चित्रपटगृहासमोरच्या उद्यानाला आहे, गिरणगावाच्या अगदी वेशीवर. अभ्यासक्रमात सुर्वे बहुधा नवकवितेनंतरच्या कवितेत भेटतात, अण्णाभाऊ दलित किंवा ग्रामीण साहित्यात, अमर शेख लोकसाहित्यात, आणि कोतवाल शाळेच्या इतिहासात, तेही स्थानिक असल्यास.