तुलूझचा आसेझा-वाडा

दक्षिण फ्रान्समधील तुलूझ शहराजवळ दगडाच्या खाणी नाहींत. म्हणून तेथें विटांचीं घरें बांधण्याचा प्रघात फार जुना आहे. जो कोणी घरास दगड लावी, तो आपली ऐपतच लोकांच्या डोळ्यांपुढें मांडी. प्येर आसेझा या व्यापाऱ्यानें १५५५ सालीं बांधावयास काढलेला वाडा या दृष्टीनें अवश्य पाहण्याजोगा आहे.

आसेझाचा धंदा निळ्या रंगाचा. त्या प्रांतांत होणाऱ्या एका रोपट्याचीं पानें दळून त्यांचे गोळे वाळवीत, पुढें ते आंबवून त्यांपासून कापडाचा रंग करीत, आणि हा माल बोर्दोच्या बंदरांतून अँटवर्प व लंडनपर्यंत जाई. या पैशावर तो १५५२ सालीं नगरसभेचा सभासद झाला. सभासदत्वास शोभेल असें घर हवें, म्हणून त्यानें निकोला बाशल्ये या शिल्पज्ञास बोलाविलें.

वाड्याची खरी शोभा रस्त्यावरून दिसत नाहीं; ती आंतल्या चौकांत आहे. तीन मजले, आणि प्रत्येक मजल्यावर जोडखांब : तळाशीं साधे डोरिक, त्यांवर आयोनिक, सर्वांत वर पानाफुलांच्या शिरांचे कोरिंथियन. हा क्रम प्राचीन रोमचा. सेर्लियो या इटालियन पंडिताच्या सचित्र ग्रंथांतून तो फ्रान्सच्या गवंड्यांस ठाऊक झाला होता. केवळ नक्कल असती, तर आम्हीं वाचकांचा वेळ घेतला नसता. परंतु येथें तांबड्या विटांवर फिकट दगडाचे खांब उठून दिसतात, आणि परक्या शास्त्रास गांवचा रंग चढतो.

चौकाची एक बाजू मात्र भकास आहे. तेथें इमारत उठलीच नाहीं. कोऱ्या भिंतींतून पुढें काढलेल्या दगडी हातांवर एक अरुंद सज्जा तेवढा आहे. काम चालू असतांच बाशल्ये वारला व पुढील काम त्याच्या मुलानें पाहिलें. आसेझा प्रॉटेस्टंट पंथाचा. १५६२ सालचें तेथील प्रॉटेस्टंटांचें बंड फसल्यावर त्यास शहर सोडावें लागलें. पंथ सोडल्यावरच त्यास परत येतां आलें. १५८१ सालीं तो वारला.

हिंदुस्थानच्या निळीनें तुलूझचा व्यापार बुडविला, असें पुष्कळदां सांगतात. आपल्या अभिमानास हें गोड वाटतें खरें, आणि गुजराथची नीळ पोर्तुगीज लोक गोव्यावरून लिस्बनला नेत होते, हेंही खरें. पण आसेझाच्या वेळची पहिली पडझड धर्मयुद्धाची व मंदीची होती. निळीचा मोठा लोंढा मागाहून आला. १६०९ सालींसुद्धां चौथा हेन्री नीळ वापरणाऱ्यास देहदंड सांगत होता, यावरूनच हा झगडा तेव्हां संपला नव्हता असें दिसतें.

पुढें १८९५ सालीं ओझेन नांवाच्या पेढीवाल्यानें हा वाडा विद्वत्सभांसाठीं शहरास दिला. १९९५ पासून तेथें बेंबर्ग यांचा चित्रसंग्रहही आहे.