नरसिंहन्, रंगस्वामी

(१७ एप्रिल १९२६–३ सप्टेंबर २००७). भारतीय संगणकशास्त्रज्ञ. चित्रांचे यंत्राद्वारे अभिज्ञान करण्याची व्याकरणाधिष्ठित पद्धती मांडणाऱ्या आद्य संशोधकांपैकी एक. त्यांचा जन्म मद्रास (चेन्नई) येथे झाला. गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातील शिक्षणानंतर त्यांनी अमेरिकेत विद्युत् अभियांत्रिकीतील एम्.एस्. व गणितातील पीएच्.डी. ह्या पदव्या मिळविल्या. १९५४ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. तेथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारतातच अभिकल्पित केलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला.

१९६१–६४ या काळात ते इलिनॉय विद्यापीठात होते. बुद्‌बुद कोठीत उमटणाऱ्या कणमार्गांची असंख्य छायाचित्रे यंत्राने तपासावीत, असा तेथील प्रयत्न होता. आकृती ओळखणे म्हणजे तिला पूर्वनिश्चित वर्गांपैकी एका वर्गात घालणे, अशी त्या वेळी सामान्य समजूत होती. नरसिंहन् यांना ती अपुरी वाटली. वर्गाचे नाव कळले, तरी चित्रात कोणते घटक आहेत व ते परस्परांशी कसे जोडलेले आहेत, हे कळत नाही. शब्दांपासून वाक्य बनते त्याप्रमाणे रेषा, टोके व छेदबिंदू यांपासून नियमानुसार चित्र बनते. म्हणून चित्राचे वर्णन करता आले पाहिजे, असे त्यांनी १९६४ मधील निबंधात प्रतिपादन केले. पुढे मुंबईत हस्तलिखित इंग्रजी अक्षरांना ही पद्धती लावण्यात आली.

दृष्टीच्या शोधाचा दुसरा मार्ग मेंदूतून जात होता. मांजराच्या दृष्टिबाह्यकातील तंत्रिका कोशिका विशिष्ट दिशेच्या रेषांना प्रतिसाद देतात, असे ह्यूबेल व वीझेल यांनी १९५९ मध्ये दाखविले. इंग्रज शास्त्रज्ञ डेव्हिड मार (१९४५–८०) यांनी तंत्रिकाविज्ञान व कृत्रिम बुद्धिमत्ता यांची सांगड घातली. दृष्टी कोणते कार्य करते, कोणत्या रीतीने करते व ते कोणत्या तंत्रिकारचनेत घडते, हे तीन प्रश्न त्यांनी वेगळे केले. नरसिंहन् यांचा भर तंत्रिकांपेक्षा वर्तनावर होता. मूल भाषा कसे आत्मसात करते, याचा विचार त्यांनी याच दृष्टीने केला व १९८१ मध्ये भाषावर्तनाच्या प्रतिकृतींवर ग्रंथ लिहिला.

२०१२ नंतर असंख्य उदाहरणांवरून शिकणाऱ्या बहुस्तरीय तंत्रिकाजालांनी चित्रांच्या वर्गीकरणात मोठे यश मिळविले. व्याकरणाचे नियम हाताने रचण्याची पद्धती त्यामुळे मागे पडली. तथापि वर्गीकरण म्हणजे आकलन नव्हे, हा नरसिंहन् यांचा आक्षेप निरर्थक ठरलेला नाही.

कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष होते. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री हा किताब देण्यात आला.