बोट लागणे : डार्विनच्या बेदाण्यांपासून आजच्या गोळीपर्यंत

हिवाळ्यात क्रूझवर जाणाऱ्यांची संख्या वाढली, तसा दवाखान्यात एक प्रश्न नेमाने येऊ लागला आहे. "डॉक्टर, मला घाटातली एसटीसुद्धा लागते, मग बोटीवर माझं काय होणार?" प्रश्न रास्त आहे. मुंबई-गोवा बोटी चालत तेव्हा 'बोट लागणे' हा शब्दप्रयोग कोकणात घरोघरी माहीत होता. मळमळीला इंग्रजीत 'नॉशिया' म्हणतात. तो शब्दही मुळात जहाज या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. तेव्हा यात लाजण्यासारखे काही नाही. इंग्लंडचा नौसेनापती नेल्सन बाराव्या वर्षापासून आरमारात होता, तरी वादळी हवेत त्यालाही बोट लागायची.

पण सर्वांत शिकण्यासारखा रुग्ण म्हणजे चार्ल्स डार्विन. 22 वर्षांचा हा तरुण 27 डिसेंबर 1831 रोजी 'बीगल' जहाजातून प्लिमथहून निघाला. त्याआधी दोनदा वादळामुळे परत यावे लागले होते. बीगल जेमतेम 90 फूट लांबीचे. भर थंडीत बिस्केच्या उपसागरात ते असे हिंदकळले की डार्विन आडवाच झाला. पोटात टिकायचे ते फक्त बेदाणे आणि बिस्किटे. मदिरा बेट समोर आले तरी उठून पाहण्याचे त्राण नव्हते. पुढे तेनेरिफला तरी जमिनीवर पाय ठेवू, अशी आशा होती. पण इंग्लंडात कॉलऱ्याची साथ असल्याने तिथल्या अधिकाऱ्यांनी 12 दिवसांचे विलगीकरण सांगितले आणि कप्तानाने जहाज पुढे हाकारले!

त्याची खोली जहाजाच्या अगदी मागच्या टोकाला होती. सी-सॉ आठवा. टोकाला बसणारा सर्वांत जास्त वरखाली होतो, मधला जवळजवळ स्थिर. म्हणून तुम्ही केबिन निवडताना जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची घ्या. पैसे जास्त मोजून सर्वांत वरची, टोकाची खोली घेणारे लोक मला नेहमी कोड्यात टाकतात.

सवयीने हे जाते का? बहुतेकांचे दोन-चार दिवसांत जाते. डार्विनचे पाच वर्षांत गेले नाही. त्याने आपला बराचसा काळ जमिनीवर भटकंती करण्यात घालवला, हे विज्ञानाच्या पथ्यावरच पडले.

कारण मात्र तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते. दोष पोटाला दिला जाई. 1882 मध्ये अमेरिकेत विल्यम जेम्स यांनी 519 मूकबधिर व्यक्तींना गरगर फिरवल्यावर चक्कर येते का, हे तपासले. 186 जणांना ती मुळीच आली नाही. ज्यांचा अंतर्कर्णच निकामी आहे, त्यांना बोटही लागत नाही, हे त्यातून पुढे आले. म्हणजे गडबड पोटात नसून कानात! अंतर्कर्णातला तोलाचा अवयव सांगतो 'आपण हलतोय', आणि केबिनच्या भिंतीकडे पाहणारे डोळे म्हणतात 'सगळे स्थिर आहे'. या विसंवादाने मेंदू गोंधळतो. पाच-सहा सेकंदांना एक अशा संथ हेलकाव्याने सर्वांत जास्त मळमळते. मोठ्या जहाजांचा हेलकावा पुष्कळदा तसाच असतो. म्हणून डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहा. मोबाइल खिशात राहू द्या. तेही जमेना तर डार्विनप्रमाणे आडवे व्हा आणि डोळे मिटा.

औषध सापडले ते योगायोगाने. 1947 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. गे आणि डॉ. कार्लायनर अंगावर पित्त उठण्यावर एक नवे औषध देऊन पाहत होते. एका गरोदर रुग्णाच्या लक्षात आले की, ते घेतल्यापासून आपल्याला ट्रॅम लागत नाही. डॉक्टरांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही, हे महत्त्वाचे. त्याच नोव्हेंबरअखेर न्यूयॉर्कहून जर्मनीला निघालेल्या सैनिकी जहाजावर त्यांनी प्रयोग केला. उत्तर अटलांटिकमधला हिवाळा, 1,300 हून अधिक सैनिक, दाटीवाटीची झोपण्याची जागा. काहींना औषध दिले, काहींना तशाच दिसणाऱ्या साखरेच्या कॅप्सूल. औषध घेतलेल्यांत त्रास फारच कमी झाला. तेच हे डायमेनहायड्रिनेट, म्हणजे 'ड्रामामिन'.

आपल्याकडे ॲव्होमिन अधिक परिचित आहे. गोळी कोणतीही असो, ती आधी घ्यायची. मळमळ सुरू झाली की जठर पुढे सरकवण्याचे काम मंदावते आणि गोळी तिथेच पडून राहते किंवा उलटून पडते. या गोळ्यांनी झोप येते. मद्यासोबत त्या घेऊ नका. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांसाठी पालकांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आले चघळायला हरकत नाही. डेन्मार्कच्या 80 नौदल छात्रांवर 1988 मध्ये सुंठेची चाचणी झाली, तीत उलट्या कमी झालेल्या आढळल्या. मळमळ मात्र फारशी हटली नाही.

निघण्यापूर्वी हलके खा. रिकाम्या पोटीही राहू नका. उलट्या होत असतील तर ओआरएस घोट-घोट घ्या. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी व गडद होत असेल, तर जहाजावरच्या डॉक्टरकडे जा. अशा वेळी गोळीचा उपयोग नसतो, इंजेक्शन लागते, आणि ते मोठ्या क्रूझवर मिळते.