काचेआडचे म्हावरे

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय आम्ही पहिल्यांदा पाहिले ते करंज्याहून जाऊन. हा तपशील निव्वळ आठवणीपुरता नाही. कोठून निघालो यावर काय दिसले हे ठरत असते. करंजा हे उरण तालुक्यातले, द्रोणागिरीच्या पायथ्याचे कोळ्यांचे गाव. मोरा बंदरातून लाँच सुटे आणि तासाभरात भाऊच्या धक्क्याला लागे. उतरताच पायाखाली बर्फाचा चुरा, भोवती पाट्या आणि लिलावाचा कालवा. मासळीच्या त्या राशींमधून वाट काढीत आमचे कुटुंब बाहेर पडले आणि बसने चर्नी रोडला गेले : तिकीट काढून मासे पाहायला! या प्रवासातली विसंगती त्या दिवशी एकट्या आजीच्याच ध्यानात आली असावी.

आत अंधार होता आणि उजळलेल्या काचा होत्या. आम्ही मुले कासवापुढून हलेनात. आजी मात्र एकेका काचेपुढे थांबून काही शोधत होती. बोंबील, मांदेली, करंदी यांपैकी ओळखीचे कोणी तिला भेटेना. प्रवाळांतल्या रंगीत माशांसमोर ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘याला म्हावरा कसा म्हनाचा?’ तिच्या बोलीत म्हावरे म्हणजे जाळ्यात येणारा, वाटणीचा, बाजारात जाणारा, ताटात पडणारा मासा. नुसता पाहण्यासाठी असलेल्या माशाला तिच्यापाशी शब्द नव्हता. आम्ही हसलो. प्रश्न हसण्यासारखा नव्हता, हे कळायला बरीच वर्षे जावी लागली.

माशाकडे नुसते पाहणे ही गोष्ट मानवी इतिहासात फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. पाण्यातल्या वनस्पती आणि प्राणी यांचा मेळ नीट बसला तर टाकीतले जीव टिकतात, हे रॉबर्ट वॉरिंग्टन यांच्या प्रयोगांनी १८५० च्या सुमारास दाखवून दिले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला. स्टीफन जे गुल्ड यांनी या घटनेचा एक मार्मिक परिणाम टिपला आहे. त्यापूर्वीच्या चित्रांत समुद्रजीव बहुधा किनाऱ्यावर पडलेले किंवा पृष्ठभागावर आलेले दाखवीत. पाण्याच्या आत, त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून पाहण्याची रीत मत्स्यालयाबरोबर आली. म्हणजे काचेने केवळ मासे दाखवले नाहीत, तर पाहणाऱ्याची जागाच बदलली.

कोळ्याची जागा ही नव्हे. मुंबई बंदराचे पाणी गढूळ. त्यात मासा दिसत नाही, तो कळतो. उधाण आहे की भांग, ओढ कोणीकडची आहे, यावर डोल केव्हा लावायची आणि केव्हा ओढायची हे ठरते, कारण डोलीचे जाळे भरती-ओहोटीच्या ओढीवरच भरते. हे ज्ञान तिथीचे, हाताचे आणि कानाचे आहे. ते काचेच्या टाकीत मावत नाही आणि टाकीखालच्या पाटीवरही मावत नाही. पाटीवर नाव असते, कूळ असते. मासा कोणत्या वाऱ्यावर येतो आणि कोणाच्या जाळ्यात येतो, हे नसते. खुद्द बोंबलाची शास्त्रीय नोंद फ्रान्सिस हॅमिल्टन यांच्या गंगेतील माशांवरच्या १८२२ च्या ग्रंथात झाली. मुंबईने आपला म्हणून मिरवलेला मासा शास्त्रात शिरला तो बंगालच्या वाटेने. नाव देणाऱ्याची वाट आणि मासा धरणाऱ्याची वाट एकच असते असे नाही.

भारतात मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर १९०९ साली मत्स्यालय झाले. मुंबईचे १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडले. आठ लाखांच्या खर्चापैकी दोन लाख तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांनी दिले, म्हणून त्यांचे नाव. ते चालवले राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने. मासा पकडण्याचा कारभार आणि मासा दाखवण्याचा कारभार एकाच खात्याकडे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. स्वतंत्र देशाच्या नागरिकाला निसर्गविज्ञानाची गोडी लागावी, हा त्यामागचा हेतू प्रामाणिक होता आणि आमच्यासारख्या असंख्य मुलांच्या बाबतीत तो सफलही झाला. मत्स्यालयाने आम्हाला विस्मय दिला, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

पण खाडीच्या पलीकडे याच काळात काय घडत होते? करंजा आणि मुंबई यांचा संबंध जुना. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीवर हल्ला केला, त्या मोहिमेत हे बेटही घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडेच राहिले. पुढे पनवेल तालुक्याचा पेटा म्हणून उरणचा कारभार चाले. मुंबईला जे जे लागले ते ते या किनाऱ्याने पुरवले : मीठ, मासळी आणि शेवटी जमीन. १९७० नंतर नव्या मुंबईसाठी भूसंपादन झाले, १९८४ च्या जानेवारीत त्याविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले, आणि १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. बंदरासाठी भराव पडला, खाजणे बुजली, मासेमारीच्या जागा आक्रसल्या.

येथे दोन तारखा शेजारी ठेवाव्याशा वाटतात. २०१५ च्या फेब्रुवारीअखेर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बंदराच्या विस्तारामुळे उपजीविका गमावलेल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ही कुटुंबे उरण कोळीवाडा, हनुमान कोळीवाडा, गव्हाण आणि बेलपाडा येथली. त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच मार्चच्या आरंभी तारापोरवाला मत्स्यालय नूतनीकरणानंतर, पारदर्शक बोगद्यासह, पुन्हा उघडले. दोन्ही बातम्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. संबंध नसणे हाच मुद्दा आहे. एका किनाऱ्यावर समुद्र अधिक स्वच्छ, अधिक जवळून दिसू लागला, तेव्हा दुसऱ्या किनाऱ्यावर तो किती उरला याचा हिशेब न्यायासनापुढे चालला होता.

साहित्याच्या अभ्यासकांना ही काच अनोळखी वाटू नये. आपल्या कवितेत, चित्रपटात, स्नेहसंमेलनांच्या नृत्यांत कोळी येतो तो बहुतेकदा असाच, उजळलेला, रंगीत, जाळ्याच्या हिशेबापासून सुटा केलेला. आपण त्याच्या लयीवर प्रेम करतो आणि त्याच्या भाषेतल्या उधाण-भांगाला तळटीप जोडतो. आस्वाद खोटा नसतो. तो अपुरा असतो, आणि अपुरेपण जाणवू न देणे हेच काचेचे कसब.

२०२० च्या टाळेबंदीत मत्स्यालयाची दारे मिटली, मग जुन्या इमारतीच्या जीर्णतेची आणि नव्या बांधणीची चर्चा सुरू झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि उरणहून मुंबईला जाण्यासाठी लाँचमध्ये पाय ठेवण्याची गरज उरली नाही. पुलावरून समुद्र मोटारीच्या काचेतून दिसतो, छान दिसतो.

आजी आता नाही. नवे मत्स्यालय होईल तेव्हा आम्ही घरातल्या मुलांना घेऊन जाऊच, पण मोऱ्याहून लाँचने, भाऊच्या धक्क्यावरून, बर्फाच्या चुऱ्यातून. काचेपुढे उभे राहण्याआधी त्यांच्या चपलांना म्हावऱ्याचे पाणी लागलेले असावे, एवढीच इच्छा आहे.